रॅमचा वेग: २६६६ आणि ३२०० एकत्र चालतात का?

लॅपटॉपची रॅम (काम चालू असताना माहिती ठेवणारी तात्पुरती स्मृती) वाढवताना नवी पट्टी जुनीच्याच वेगाची हवी, नाहीतर लॅपटॉप सुरूच होणार नाही, असे पुष्कळांना वाटते. सहसा तसे होत नाही. पट्टीवरचा २६६६ किंवा ३२०० हा आकडा तिचा कमाल वेग, म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहितीची देवाणघेवाण होऊ शकते, हे सांगतो. त्याच वेगाने धावायची सक्ती तिच्यावर नसते.

बाजारातून जड पिशवीचे दोन बंद दोघांनी धरून आणताना भराभर चालणाराही सोबत्याच्या चालीने चालतो. तसेच २६६६ आणि ३२०० च्या पट्ट्या एकत्र लावल्या की दोन्ही २६६६ ने चालतात. प्रोसेसरचीही मर्यादा असतेच. इंटेलचा आय५-८२५०यू २४०० पर्यंतच जातो. त्याच्यासाठी ३२०० ची पट्टी महाग मिळत असेल, तर जास्तीचे पैसे वाया.

जुळायलाच हवी ती रॅमची पिढी, म्हणजे डीडीआर४ की डीडीआर५. लॅपटॉपच्या डीडीआर४ पट्टीला २६० पिना, डीडीआर५ ला २६२. खाचही वेगळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी बसतच नाही, जोर लावू नये. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच डाखलेली असते, तिथे तर प्रश्नच मिटला!

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली ‘मेमरी’ उघडले की सध्याचा वेग आणि पट्ट्यांच्या किती जागा (स्लॉट) वापरात आहेत ते दिसते. दुकानात जाण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.