वाहनातील हौशी रेडिओ : जोडणी निर्दोष, तरच आपत्तीत आधार

नवी दिल्ली : डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर अंदमान-निकोबारमधील दूरध्वनी यंत्रणा कोलमडली, तेव्हा पोर्ट ब्लेअर येथे उपस्थित असलेल्या हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनाची धुरा सांभाळली. वीज आणि मोबाइल सेवा ठप्प झाली तरी वाहनाच्या बॅटरीवरील रेडिओ संच कार्यरत राहू शकतो. मात्र त्यासाठी त्याची जोडणी निर्दोष असावी लागते.

पन्नास वॅट क्षमतेचा संच प्रक्षेपणाच्या वेळी साधारणपणे १० ते १२ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. सिगारेट लायटरचे सॉकेट अशा भारासाठी योग्य नसते. म्हणून जाड तार थेट बॅटरीपासून आणून फ्यूज बॅटरीलगतच बसवावा. तो संचापाशी असल्यास मधल्या तारेचे आवरण घासून शॉर्टसर्किट झाले तरी उडत नाही आणि आगीचा धोका संभवतो.

अँटेनाची लांबी तरंगलांबीवर ठरते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यात तरंगलांबी सुमारे दोन मीटर असल्याने पाव तरंगलांबीची अँटेना अर्ध्या मीटरची असते. तिच्याखाली धातूचा सपाट पृष्ठभाग आवश्यक असल्याने छताचा मध्यभाग सर्वोत्तम ठरतो. बंपरवरील अँटेनाचे प्रक्षेपण सर्व दिशांना सारखे होत नाही.

अखेरीस एसडब्ल्यूआर मीटरने तपासणी करावी. गुणोत्तर १.५ च्या आत असणे उत्तम; ते फार वाढल्यास परतणाऱ्या शक्तीमुळे संचाला हानी पोहोचू शकते. एअरबॅग उघडण्याच्या मार्गात संच वा तारा नसाव्यात.

प्रक्षेपणासाठी केंद्रीय दूरसंचार विभागाचा परवाना अनिवार्य आहे.