आधी खुर्ची, मग मन

मार्च 2022 मध्ये आपल्या धाराशिव जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि निवडणुकीऐवजी प्रशासक आला. तीन वर्षांहून अधिक काळ त्या सभागृहात लोकांनी निवडून दिलेलं कुणीच नव्हतं. निम्म्या जागा बायकांच्या होत्या, त्याही गेल्या. आमच्या अणदूर गावच्या पारावर त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, ते मला जास्त लागलं.

सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौज इथूनच जवळच्या नळदुर्गमार्गे निजामाच्या मुलखात शिरली आणि राज्य पालटलं. पुढची चार दशकं पुढारी तेवढे बदलत राहिले. पारावरचं मत मात्र जागचं हललं नाही: बाईला त्यातलं काय कळतंय?

ते हललं 1993 नंतरच्या दशकात. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये 73वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीतल्या एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. घरं पुन्हा उभारताना ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांना संवाद सहायक केलं. घरदुरुस्तीच्या पैशांचं आणि बांधकामाचं बोलणं बायका थेट अधिकाऱ्यांशी करू लागल्या. त्याच सुमारास डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी अणदुरात ‘हॅलो’ या आरोग्यसंस्थेचं काम उभं केलं. जेमतेम शिकलेल्या बायका शिकून ‘भारतवैद्य’, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका, झाल्या. त्यांना हसणारेच पुढे तापलेलं लेकरू घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

याच काळात, 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावानं नामविस्तार झाला. 1978 च्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली आणि निर्णय सोळा वर्षं रखडला. लोकांची मनं अजून तयार नाहीत, असं तेव्हा शहाणी माणसं सांगायची. ती सबब खोटी होती. निर्णय झाला आणि त्याच नावाची पदवी सगळ्यांनी घरात मानानं लावली.

हे फक्त मराठवाड्यातच घडलं असं नाही. पश्चिम बंगालमध्ये अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी 495 गावं तपासली. जिथं सरपंचपद दोनदा स्त्रियांसाठी राखीव होतं, तिथं मुलगा आणि मुलगी यांच्याकडून आईबापांच्या अपेक्षांमधलं अंतर चौथ्या हिश्शानं घटलं होतं. रवांडानं 2003 च्या संविधानात स्त्रियांना 30 टक्के जागा दिल्या. 2008 मध्ये संसदेत त्यांचंच बहुमत झालं. सगळीकडे खुर्ची आधी मिळाली, लोकांचं मन मागून आलं.

म्हणूनच रिकामी सभागृहं मला भिववतात. सवय मोडली की मन जुन्या वाटेला लागतं. 2011 पासून महाराष्ट्रातल्या पंचायतींत स्त्रियांचं आरक्षण 50 टक्के झालं, तरी कितीतरी गावांत सरपंचबाईंच्या जागी नवराच बोलतो आणि अधिकारीही त्यालाच विचारतात. निवडणुका मुदतीत घ्या. आणि ग्रामसभेत नवरा उठला, तर त्याला बसवा. उत्तर बाईंकडूनच घ्या. तीस वर्षांपूर्वी मिळवलेलं टिकवायला एवढं तरी आपण केलंच पाहिजे.