सातबारा आणि भाड्याचे सॉफ्टवेअर
सॉफ्टवेअर विकत घेऊन संगणकात भरण्याऐवजी ते इंटरनेटवरून वापरायचे नि त्याची वर्गणी भरायची, ही पद्धत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी सेल्सफोर्सने रुजवली. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेली ड्रुवा उद्योगांच्या डेटाच्या सुरक्षित प्रती अशाच वर्गणीवर सांभाळते.

चांदूर रेल्वेच्या शेतकऱ्याला हाच प्रकार डिजिटल सातबाऱ्यात भेटतो, फक्त वर्गणीऐवजी दर उताऱ्यामागे १५ रुपये. नोंदी आणि प्रणाली सरकारी सर्व्हरवर. हातात नुसता ब्राउझर. सुधारणा तिथे एकदा झाली की ती सगळ्यांना मिळते. खोटही तिथेच: सर्व्हर बसला की सगळ्यांचेच अडते, आणि नेमके पीककर्जाच्या धावपळीत! उताऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी नि पडताळणी क्रमांक असल्याने तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज उरत नाही.