दादीची संदूक: अडगळ नव्हे, अमानत

जुनी करवती साडी देऊन स्टीलचा डबा घेतला, असं आम्ही घरोघरी ऐकतो. जरा थांबा! गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढतात. विदर्भातले विणकर त्या रेशमाच्या साडीला करवतीसारखे दाते असलेला काठ विणतात, म्हणून ती 'करवती'. औरंगाबादी हिमरू, बिदरी पानदानही असंच जपण्यासारखं. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय अशाच घरगुती वस्तूंनी भरलंय.

जुनं कापड प्लास्टिकमध्ये कोंडू नका. धुतलेल्या सुती कपड्यात गुंडाळा, अधूनमधून घडी बदला, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी पाठवायला 1972 च्या कायद्याने बंदी आहे.

सोबत एक चिठ्ठी ठेवा: कोणाची, कोणत्या निकाहातली. दादी आहेत तोवरच विचारून घ्या.