सातपुड्यात आलेले सुटे भाग

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. इलेक्ट्रॉनिक्स त्याच्या कितीतरी आधी इथे येऊन पोचलं होतं. सातपुड्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या अनेक पाड्यांवर विजेचा खांब दिसण्यापूर्वी सेलवर चालणारा रेडिओ वाजत होता. नंतर बॅटरी आली, मोबाइल आला, सौरदिवा आला. रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी हे शब्द नवख्या माणसाला परके वाटतात. पण त्यांतला प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या वस्तूत बसून या जिल्ह्यात आलेला आहे. त्या वस्तूंचा मागोवा घेतला की शब्द आपोआप उलगडत जातात.

सुरुवात रेडिओपासून. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. ते तापवावे लागत आणि त्यांना विजेचा मोठा दाब लागे, म्हणून वीज नसलेल्या गावात तो रेडिओ चालवणं फार अवघड होतं. डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला आणि ही अडचण सुटली. त्याबद्दल बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांना 1956 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: एमिटर, बेस आणि कलेक्टर. बेसमध्ये अगदी थोडा प्रवाह सोडला की कलेक्टरमधून जाणारा मोठा प्रवाह त्याच्या हुकमात राहतो. दूरच्या केंद्राकडून आलेला क्षीण संदेश असा वाढवला जातो आणि स्पीकर बोलू लागतो. दीड व्होल्टचे चार सेल ओळीने लावले की 6 व्होल्ट होतात आणि तेवढ्यावर सगळं भागतं.

त्याच रेडिओत बाकीची मंडळीही होती. केंद्र लावायचं चाक फिरवलं की आत पत्र्याच्या पातळ पाकळ्या एकमेकींत शिरत. कारागीर त्याला गँग कंडेन्सर म्हणतात. कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर: समोरासमोरचे दोन पत्रे, मध्ये वीज न वाहू देणारा थर. तो विद्युतभार साठवतो आणि गरज पडताच सोडतो. शेजारी काळ्या फेराइटच्या कांडीवर तांब्याच्या तारेची कॉइल असे. कॉइल आणि गँग मिळून हवेतल्या अनेक लहरींतली नेमकी एक निवडत. मग डायोड त्या लहरीतून आवाज वेगळा काढी. डायोडला दोन पाय असतात आणि तो प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. गॅलेना खनिजाचा असा एक शोधक जगदीशचंद्र बोस यांनी तयार केला होता, आणि 1904 मध्ये त्यांना त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं.

रेडिओमागोमाग बाजारच्या गावांत दुरुस्तीचे ठेले आले. तिथे डाग द्यायचं काम चाले. शिसं आणि कथिल यांची मिश्र तार वितळवून सुट्या भागाचा पाय सर्किटच्या पट्टीला चिकटवायचा. रंगीत पट्ट्यांवरून रेझिस्टरची किंमत सांगणारी माणसं मला तिथेच भेटली. रेझिस्टर प्रवाहाला अडवतो आणि त्याची अडवणूक ओहममध्ये मोजतात. तपकिरी, काळा, तपकिरी या तीन पट्ट्यांचा अर्थ 1, 0 आणि पुढे एक शून्य, म्हणजे 100 ओहम. चौथी पट्टी सोनेरी असेल तर किंमत पाच टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते. यासाठी पदवी लागत नाही, पण कुणीतरी समोर बसून शिकवावं लागतं. ठेल्यावर ते ज्ञान उस्तादाकडून पोऱ्याकडे जाई. वस्तू विकत घेणाऱ्यापर्यंत ते क्वचितच पोचलं.

ते गावापर्यंत पोचलं, याचं या जिल्ह्यातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे धडगाव तालुक्यातलं बिलगाव. उदई नदीच्या धबधब्यावर 2003 मध्ये इथे 15 किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. केरळमधून आलेले तरुण अभियंते, नर्मदा आंदोलनातले कार्यकर्ते आणि गावकऱ्यांचं श्रमदान यांतून तो उभा राहिला. 2004 च्या ‘स्वदेस’ चित्रपटाला यातून प्रेरणा मिळाल्याचं सांगितलं जातं.

व्होल्ट, अँपिअर आणि वॅट समजून घ्यायला बिलगावइतकी चांगली जागा नाही. पाणी किती उंचीवरून पडतं हा झाला व्होल्टेज, म्हणजे दाब. दर सेकंदाला किती पाणी येतं हा झाला करंट, म्हणजे अँपिअरमध्ये मोजला जाणारा प्रवाह. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती, म्हणजे वॅट. धबधबा उंच असून पाणी कमी असेल, किंवा पाणी भरपूर असून उतार नसेल, तर चाक नीट फिरत नाही. वीजही तशीच.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची उंची वाढत गेली आणि 2006 च्या पावसाळ्यात त्याच्या फुगवट्यात बिलगावचा प्रकल्प बुडाला. गावाने स्वतः उभारलेली आणि स्वतः चालवलेली वीज अशी पाण्याखाली जावी, ही माझ्या लेखी या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी हानी आहे. यंत्र पुन्हा विकत आणता येतं. त्या वर्षांत जमलेला आत्मविश्वास विकत मिळत नाही.

त्या काळातच बॅटरी वेगळ्या कामासाठी डोंगरात शिरली. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत देशभर मतदान यंत्रं वापरली गेली. ती स्वतःच्या बॅटरीवर चालतात, म्हणून होडीने गाठाव्या लागणाऱ्या नर्मदाकाठच्या केंद्रांवरही विजेवाचून मतदान होऊ शकतं. बॅटरीवर दोन आकडे पाहावेत: व्होल्ट म्हणजे दाब आणि मिलिअँपिअर-तास म्हणजे साठा. 1000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी 100 मिलिअँपिअर खाणारं उपकरण साधारण दहा तास चालवते.

29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातलं टेंभली देशाला माहीत झालं. पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक इथे दिले गेले. दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळांची प्रतिमा घेणारी यंत्रं या वेळी गावात आली. त्यांतला नवा भाग होता सेन्सर. प्रकाश, उष्णता, दाब यांसारख्या गोष्टीचं विजेच्या संदेशात रूपांतर करतो तो सेन्सर. बुबुळाच्या यंत्रात डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतात आणि कॅमेऱ्यातला सेन्सर त्याची प्रतिमा टिपतो. त्या प्रतिमेवर काम करते आयसी, म्हणजे इंटिग्रेटेड सर्किट. सिलिकॉनसारख्या पदार्थाच्या एकाच तुकड्यावर अनेक ट्रान्झिस्टर आणि इतर भाग कोरण्याची ही युक्ती जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉईस यांनी 1958-59 मध्ये शोधली. रेडिओतले ट्रान्झिस्टर बोटांवर मोजता येत होते. मोबाइलच्या मुख्य चिपमध्ये ते अब्जांनी असतात.

कोरोनाच्या काळात जिल्ह्याचं नाव पुन्हा देशभर गेलं. तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्लांट दुसऱ्या लाटेआधीच उभे राहिले होते. त्याच सुमारास बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी ओळखीचा झाला. त्यात दोन एलईडी असतात, एक लाल आणि एक अवरक्त. समोर फोटोडायोड असतो. ऑक्सिजनयुक्त रक्त अवरक्त प्रकाश जास्त शोषतं, तर ऑक्सिजन कमी असलेलं रक्त लाल प्रकाश जास्त शोषतं. पलीकडे पोचलेल्या प्रकाशावरून चिप टक्केवारी काढते.

एलईडी हाही डायोडच, फक्त प्रवाह वाहू लागला की उजळणारा. 1962 मध्ये निक होलोन्याक यांनी लाल एलईडी दाखवला. निळा बनवायला पुढे तीस वर्षं लागली, आणि निळ्यामुळेच पांढरा प्रकाश शक्य झाला. 2014 चं नोबेल त्यासाठी दिलं गेलं. याचा डोंगरातला अर्थ असा: बिलगावच्या 15 किलोवॅटवर 60 वॅटचे 250 दिवे लागले असते. 6 वॅटचे एलईडी लावले तर तेवढ्याच विजेत 2,500.

2014 पासून आयआयटी मुंबईने महाराष्ट्रासह चार राज्यांत विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर अभ्यासदिवे पोचवण्याचं काम हाती घेतलं. त्यात एक मोलाचा विचार होता. दिव्याचे भाग जुळवणं आणि दुरुस्त करणं स्थानिक माणसांना शिकवायचं. सौरपट्टी, बॅटरी, एलईडी, प्रवाह आवरणारं सर्किट: चार गोष्टी कळल्या की बंद पडलेला दिवा कचऱ्यात जात नाही.

साठ-सत्तर वर्षांच्या या वाटचालीतून मला एकच गोष्ट दिसते. जिल्ह्यात वस्तू येत राहिल्या, पण त्या उघडून पाहण्याचं शिक्षण मोजक्याच वेळा सोबत आलं. बिलगावात आलं, तिथे गावाने वीजघर चालवलं. जिथे आलं नाही, तिथे दोन रुपयांच्या भागासाठी अख्खं उपकरण टाकून द्यावं लागलं.

म्हणून प्रत्येक आश्रमशाळेत एक पेटी असावी: 5 व्होल्टचा चार्जर, पांढरे एलईडी, रेझिस्टर, बटण आणि व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर. पहिल्याच तासाला मुलांनी हा हिशेब करावा: चार्जर 5 व्होल्ट देतो, एलईडी घेतो 3, उरले 2. प्रवाह हवा 20 मिलिअँपिअर. ओहमने 1827 मध्ये मांडलेल्या नियमानुसार 2 भागिले 0.02 म्हणजे 100 ओहम. मग तपकिरी, काळा, तपकिरी पट्ट्यांचा रेझिस्टर शोधून त्यांनी तो स्वतः जोडावा. पेटीचा खर्च शाळेला सहज झेपणारा आहे. पुढे त्यांतली काही मुलं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकतील, काही शेतीच करतील. घरातला सौरदिवा बंद पडला तर स्क्रू काढून आधी बॅटरीचे व्होल्ट मोजायचे, एवढं दोघांनाही माहीत असेल.