रुसलेला गिझर

पौषातल्या पहाटे बारामती-इंदापूर भागात उसाच्या फडावरून येणारा वारा चांगलाच बोचतो. अशा वेळी न्हाणीघरात गॅस गिझरचा नळ सोडावा आणि हातावर गारेगार धार पडावी! मग घरातले कोणीतरी गिझरला एक थाप मारते आणि म्हणते, "बिघडला वाटतं!" पण विद्यार्थी मित्रांनो, यंत्र उगाच रुसत नाही. आपल्याला काय होते आहे, ते आवाजाने आणि ज्योतीच्या रंगाने ते सांगत असते. ती भाषा कशी ओळखायची, ते आज पाहू.

तुमच्या आजीच्या घरी हेच काम तांब्याचा बंब करी. मधल्या नळकांड्यात लाकडाच्या ढलप्या किंवा मक्याची बुरकुंडे घालायची आणि भोवतीचे साठलेले पाणी तापवायचे. गिझर मात्र वाहते पाणी तापवतो. त्यात बर्नरच्या वर तांब्याची नळी वळणे घेत जाते. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने एक रबरी पडदा सरकतो आणि कळ दाबली जाते. मग दीड-दीड व्होल्टच्या दोन सेलांच्या जोरावर 'टिक् टिक्' करीत ठिणग्या पडतात. गॅसची झडप उघडते आणि ज्योत पेटते. पाणी, वीज, गॅस आणि हवा अशी ही चार कड्यांची साखळी आहे. बिघाड शोधायचा म्हणजे कोणती कडी निसटली ते पाहायचे.

टिक् टिक् ऐकूच येत नाही

प्रथम पाण्याची धार पाहा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. तुमची टाकी गिझरच्या तीनच मीटर वर असेल, तर दाब जेमतेम ०.३ किलो. त्यात टाकी निम्मी रिकामी असली किंवा गिझरच्या तोंडाशी असलेली जाळी वाळूने तुंबली, तर पडदा हलतच नाही. धार जोरात असूनही आवाज नसेल, तर सेल बदलून पाहावेत. पुष्कळदा दुखणे एवढेच असते.

टिक् टिक् होते, पण ज्योत नाही

म्हणजे पाणी आणि वीज ठीक आहेत, गॅस पोहोचत नाही. सिलिंडर संपला आहे का, रेग्युलेटर सुरू आहे का, ते मोठ्यांना पाहायला सांगा. थंडीत आणखी एक गंमत होते. सिलिंडरमधला गॅस द्रवरूप असतो. त्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती सिलिंडरच्या अंगातूनच घेतली जाते. म्हणून सतत वापरात सिलिंडर गार पडतो, कधी त्यावर दवही साचते, आणि गॅसचा दाब उतरतो. अशा वेळी थोडा वेळ थांबावे. सिलिंडरला शेक देण्याचा उद्योग कधीही करू नये!

ज्योत पेटते आणि लगेच विझते

ज्योतीतून थोडी वीज वाहू शकते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ज्योतीत विद्युतभारित कण असतात. बर्नरजवळची एक लहानशी पिन या विजेवरून 'ज्योत पेटली' हे ओळखते. पिनेवर काजळी धरली की तिला ज्योत 'दिसत' नाही आणि गिझर आपणहून गॅस बंद करतो. हा बिघाड नव्हे, पहारेकऱ्याची दक्षताच आहे. पिन साफ करण्याचे काम मेकॅनिकचे.

पाणी कोमट आणि धार बारीक

हे दुखणे आपल्या पाण्यात आहे. भाटघर आणि वीर धरणांतून नीरा डाव्या कालव्यात येणारे पाणी मुख्यतः सह्याद्रीवरच्या पावसाचे. याउलट विहिरी-बोअरचे पाणी खडकांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरोबर आणते. तेच दुष्फेन पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही. ते तापले की विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचे कॅल्शियम कार्बोनेट होते आणि त्याचा पांढरा थर नळीच्या आत बसतो. तांब्याच्या मानाने हा थर शेकडो पटींनी कमी उष्णता वाहून नेतो. म्हणजे खाली ज्योत धडाडते आणि पाण्याला ऊब पोहोचत नाही! माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरचा साखर कारखाना तुम्ही पाहिला असेल. अशा कारखान्यांच्या बॉयलरना याच थराची धास्ती असते. म्हणून बॉयलरमध्ये सोडण्याआधी पाण्यातले क्षार काढून टाकतात.

एक प्रयोग करून पाहा. विहिरीचे आणि पावसाचे पाणी दोन भांड्यांत सारखे घेऊन आटवा. भांडी निवली की तळाच्या पांढऱ्या पुटावर लिंबू पिळा. बुडबुडे येतील. तो कार्बन डायऑक्साईड. मेकॅनिकही सौम्य आम्लाने नळी अशीच धुतो.

ज्योत पिवळी दिसते

आता सर्वांत महत्त्वाची खूण. निळी ज्योत म्हणजे गॅसला पुरेशी हवा मिळते आहे. पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे हवा अपुरी. बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचे जाळे असेल, नाहीतर खोलीच कोंदट असेल.

थोडे गणित करू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे, तर १५० किलोकॅलरी उष्णता हवी. एक ग्रॅम गॅस सुमारे ११ किलोकॅलरी देतो. वाया जाणारी उष्णता धरली, तर मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम गॅस जळतो. दर ग्रॅमला सुमारे १३ लिटर हवा लागते, म्हणजे मिनिटाला २०० लिटरांहून अधिक! दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच न्हाणीघरात एकूण हवा सुमारे ५,६०० लिटर. दारे-खिडक्या घट्ट बंद असतील, तर दहा मिनिटांत तिथला एक तृतीयांशाहून अधिक ऑक्सिजन संपेल.

ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. गॅस गळला तर कळावे म्हणून त्यात उग्र वास मिसळलेला असतो; पण या विषारी वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हीमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, पाय लटपटतात आणि दाराची कडी काढण्याचेही बळ उरत नाही. निळ्या ज्योतीच्या भरवशावरही राहू नये, कारण बंद खोलीत चांगला गिझरही घात करतो.

म्हणून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. तो आतच असेल, तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, खोलीत हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळ करावी. कोणाला घेरी आली, तर त्याला ताबडतोब उघड्यावर आणावे, गिझर बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गॅसचा वास आला, तर विजेच्या बटणाला हात लावू नये. दारे-खिडक्या उघडून रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर जाऊन १९०६ क्रमांकावर कळवावे.

गिझर उघडून दुरुस्त करणे तुमचे काम नव्हे. पण त्याची ज्योत कोणत्या रंगाची आहे आणि तो कोठे बसवला आहे, हे पाहणे तुम्हाला सहज जमेल. आज घरी गेल्यावर एवढे नक्की पाहा आणि घरच्यांना सांगा.