कोयत्याला निघताना : शेवटी चढवायची, आधी उतरवायची पेटी

दसरा झाला की आपल्याकडं घराघरांत बांधाबांध सुरू होते. मुकादमाचा निरोप येतो, ट्रक दारात उभा राहतो आणि पाच-सहा महिन्यांचा संसार एका रात्रीत गाडीत चढवावा लागतो. पीठ-मीठ, भांडी, वाकळा, ताडपत्री, कोयते, कोंबड्या, सगळं एकावर एक. आज आपण बोलणार आहोत ते या सामानातल्या एका लहान पेटीबद्दल. आमच्या गटातल्या आम्ही सगळ्या ऊसतोडीला जाणाऱ्या. आम्हाला ही पेटी भरायचं शहाणपण ठेच लागल्यावर आलं, म्हणून तुम्हाला सांगतो.

एका हंगामात आम्ही थळावर पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. अंधार, खाली ओली जमीन, कोपी उभी करायची राहिलेली. आमच्यातल्या एकीच्या दोन वर्षांच्या लेकराला वाटेतच जुलाब लागले होते. ओआरएसची पुडी होती, बॅटरीही होती. पण दोन्ही होती मोठ्या पेटीत, आणि ती पेटी पिठाच्या पोत्यांखाली. पोती उतरवेपर्यंत तास गेला. लेकराचे डोळे खोल गेले होते. सकाळी दवाखान्यात नेलं तर लसीचं कार्ड सापडेना. पोर वाचलं, पण ती रात्र आम्ही कुणीच विसरलो नाही. सामान कमी नव्हतं, ते हाताशी नव्हतं. तेव्हापासून आमचा नियम ठरला : एक पेटी वेगळी, ती गाडीत सगळ्यात शेवटी चढवायची आणि सगळ्यात आधी उतरवायची.

पेटी लहान पत्र्याची घ्या, कडी-कुलपाची. पत्र्याला उंदीर लागत नाही, पाऊस आला तरी आतलं भिजत नाही. एका बाईला एकटीनं उचलता आली पाहिजे, एवढीच मोठी. झाकणावर रंगानं खूण करा, म्हणजे अंधारातही आपली पेटी ओळखू येते.

आता आत काय ठेवायचं? आम्ही स्वतःला एकच प्रश्न विचारतो : बाकीचं सामान सकाळपर्यंत उतरलंच नाही, तर आजची रात्र कशावर निघेल?

पहिलं, रात्रीचं. चार्ज केलेली बॅटरी, काड्यापेटी प्लॅस्टिकच्या डबीत, एक लहान पातेलं, तांब्या, सुरी, सुतळी, साबण. खायला दशम्या किंवा धपाटे, दोन दिवस टिकतात, आणि शेंगदाण्याची चटणी. चहा-साखरेची पुडी. लेकरांचा एकेक कपड्यांचा जोड आणि एक पांघरूण. पेटीजवळच पिण्याच्या पाण्याचा भरलेला कॅन ठेवा. पहिल्या रात्री पाटाचं किंवा फडातलं पाणी लेकरांना पाजू नका. त्या रानात कुठली औषधं मारलीत, आपल्याला माहीत नसतं.

दुसरं, औषधांचा डबा. निघायच्या आठ-पंधरा दिवस आधी आशाताईंना भेटा. ओआरएसच्या पुड्या, झिंकच्या गोळ्या, तापाच्या गोळ्या मागून घ्या, आणि कुणाला किती द्यायची ते विचारून पाकिटावर लिहून ठेवा. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालायची, अर्धी-पाव नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. झिंकची गोळी लहान लेकराला जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायची असते. कोयता लागला तर बांधायला स्वच्छ सुती कापड आणि पट्टी ठेवा. बीपी, साखर, फिट यांची रोजची गोळी चालू असेल तर ती निदान दोन महिन्यांची घ्या, जुनी चिठ्ठी सोबत ठेवा. गरोदर बाईनं लोहाच्या गोळ्या विसरू नयेत.

फडात साप चावला तर काय करायचं, तेही आम्ही डब्याच्या झाकणाला कागद चिकटवून लिहिलंय : पाय आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा.

तिसरं, आपलं बायकांचं. पाळीची कापडं किंवा पॅड, आतले कपडे, लहान आरसा. यात लाजायचं काय? मोळी उचलताना पाळी आली आणि कापड गाडीत खाली अडकलेलं, हे आपण सगळ्यांनी सोसलंय. कापड वापरत असाल तर ते उन्हात वाळवायला दोरीचा एक तुकडाही ठेवा.

चौथं, कागद. ही गोष्ट पेटीतही ठेवायची नाही. कागदांची प्लॅस्टिकची पिशवी करा आणि प्रवासात ती आपल्या अंगावर, पदराखाली ठेवा. तिच्यात काय काय? आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, गरोदर बाईचं आणि लेकरांच्या लसीचं कार्ड, ग्रामसेवकाकडून मिळालेलं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र. सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. कुणी कागद मागितला तर झेरॉक्स द्या, अस्सल कागद कुणाच्या ताब्यात ठेवू नका, मुकादमाच्याही नाही.

या कागदांचा उपयोग काय, तेही सांगतो. धान्य मिळणारं रेशनकार्ड असेल तर आता ते गावाशी बांधलेलं नाही. जिथं आपण राहतो तिथल्या रेशन दुकानात आधारचा अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं. सासू-सासरे गावीच असतील तर ते थोडं धान्य इथं उचलतात आणि आपण उरलेलं तिकडं. मात्र घरातल्या प्रत्येकाचं आधार कार्डाला जोडलंय का, हे निघायच्या आधीच दुकानात जाऊन बघा. लसीचंही तसंच. कुठल्याही सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. तारीख चुकली तरी सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, पण कार्ड पाहिजे. शाळेतल्या गुरुजींकडून लेकराचं शिक्षण हमी पत्रक घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवता येतं. आणि गावात हंगामी वसतिगृह असेल तर लेकराला मागं ठेवायचा विचार जरूर करा.

पाचवं, एक वही आणि पेन. पहिल्या पानावर नंबर लिहा, कारण मोबाइल बंद पडला की पाठ नसलेला नंबर उपयोगाचा नाही : गावच्या आशाताई, भाऊ, गटाची अध्यक्ष. मग १०८ रुग्णवाहिकेचा, ११२ पोलिसांच्या मदतीचा, १८१ बायकांच्या मदतीचा, १०९८ लेकरांचा. पुढच्या पानावर उचल किती घेतली, कोणत्या तारखेला, कुणासमोर, ते लिहा. नंतर रोज किती मोळ्या, किती टन, किती खाडे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्या. हंगाम संपल्यावर हिशोबाला बसतो तेव्हा मुकादमाच्या वहीसमोर आपलीही वही असली, तर बोलायला जोर येतो. आमच्यातल्या दोघींच्या अंगावर धरलेले जास्तीचे खाडे अशाच वहीमुळं कमी झाले.

आणखी एक गोष्ट. जशी आपली पेटी, तशी मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचीही एक पेटी भरून ठेवा. त्यांच्या गोळ्या, बॅटरी, काड्यापेटी, आपला फोन नंबर मोठ्या अक्षरांत. शेजारणीला दाखवून जा.

हे सगळं एकटीनं करायचं म्हटलं तर राहून जातं. म्हणून आम्ही निघायच्या पंधरा दिवस आधी गटाची बैठक फक्त पेटीसाठी ठेवतो. प्रत्येकीनं पेटी घेऊन यायचं, उघडून दाखवायचं. जिच्याकडं ओआरएस नाही तिला दुसरी देते. जिची झेरॉक्स राहिली तिची गटाच्या पैशातून होते. यादी झाकणाला आतून चिकटवतो, म्हणजे येताना परत भरायलाही तीच कामाला येते.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत आपापली पेटी काढा, पुसा आणि भरायला घ्या. आणि ट्रक दारात आला की गडबडीत कुणीही काहीही म्हणू दे, तुम्ही पेटीवर हात ठेवून सांगा : ही शेवटी चढवायची.